रुपयामागे एकतीस पैसे

दिवाळी आणि दिवाळे या दोन शब्दांत अंतर एवढेच, की पहिल्याला वेलांटी आहे आणि दुसऱ्याला मात्रा. पण ही मात्रा अशी जालीम, की ती ज्याला लागू पडली तो सहसा पुन्हा उठत नाही. जुनी माणसे सांगत, पूर्वी एखादी पेढी बुडाली की मालक भर दुपारी दारात दिवा लावून ठेवी. येणाराजाणारा काय ते समजे आणि हात हलवीत परत जाई. व्युत्पत्ती करणाऱ्या पंडितांना हे पटेल की नाही, कोण जाणे. पण रात्री लावला तर दिवाळी आणि दिवसा लावला तर दिवाळे, हे मला तरी पटते.

दिवाळी अंकात वाचकांना चकलीसारखे खुसखुशीत काही द्यावे, असा या सदराचा रिवाज. यंदा मात्र मी पानात कारले वाढतो आहे. वाचकहो, गोड मानून घ्या. कारण यंदा आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर एक वही आणि एक पाकीट असणार आहे, आणि त्या पाकिटातले पैसे माझे नाहीत. ते कुणाचे आणि माझ्याकडे कसे राहिले, हेच आज सांगायचे आहे.

गोष्ट 1998 ची. आमचे कोथरूड तेव्हा आजच्याइतके गजबजलेले नव्हते. डहाणूकर कॉलनीत संध्याकाळी फिरायला निघाले तर निम्मी माणसे ओळखीची भेटत. आमच्या भागात एक पेढी होती. नाव सांगत नाही. मालक आता हयात नाहीत. पेढी म्हणजे गादी, तक्ता, लोखंडी तिजोरी, भिंतीवर लक्ष्मीची तसबीर आणि दाराशी एक बाक. त्या बाकावर बसून कोथरूडातल्या निम्म्या पेन्शनरांनी वर्तमानपत्रे फुकट वाचली. व्याज बँकेपेक्षा पाच टक्के जास्त, आणि ते पहिल्या तारखेला घरपोच! बँकेत गेले तर कारकून मान वर करीत नाही, इथे मालक स्वतः उठून पाणी देत. मध्यमवर्गीय माणूस व्याजाला भुलतो तितकाच पाण्याच्या पेल्यालाही भुलतो.

मी तेव्हा सरकारी नोकरीत, हिशेबखात्यात. रविवारी सकाळी मालकांचे प्राप्तिकराचे कागद नीट लावून द्यायचो. मोबदला नाही, शेजारधर्म. माझे 18,000 रुपये पेढीत होते. आमचे दादा 1994 साली गेले. त्यांच्या फंडातून उरलेले 40,000 रुपये वहिनींच्या हाती आले, तेव्हा वहिनींनी मला विचारले, “भाऊजी, ठेवू ना तिथं?” मी म्हणालो, “बिनघोर ठेवा. मी त्यांचे कागद पाहतो.”

कागद पाहतो ही गोष्ट खरी होती. पण जे कागद मालक मला दाखवीत तेवढेच मी पाहत होतो.

1998 ची वसुबारस. मी पेढीवरून चाललो होतो. मालकांनी हाक मारली, आत नेले, तिजोरी उघडली आणि माझ्या हातात एक पुडके ठेवले. “साहेब, तुमचे तेवढे आज घेऊन जा. तुम्ही आमचं पुष्कळ केलंत. आणि कुठे बोलू नका.” हिशेबखात्यात पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी पैसे मोजले. अठरा हजार आणि वर त्या महिन्याचे व्याजसुद्धा! व्याज मात्र मी नको म्हटले. माणूस अशा वेळी कुठे प्रामाणिक होईल, याचा नेम नाही.

घरी जाताना वाटेत वहिनींचे घर. त्या चकल्या तळत होत्या. मला बघून त्यांनी चहा टाकला. मी चहा प्यालो, दोन गरम चकल्या खाल्ल्या, पोरांच्या परीक्षांविषयी बोललो आणि उठलो. शब्द दोनदा तोंडाशी आले. पण वहिनी उद्या पेढीवर गेल्या, तर त्यांच्या पाठोपाठ शेजारणी जाणार, मग रांग लागणार, मग मालक म्हणणार, साहेबांनीच बोभाटा केला, माझे परत करा. असे नाना विचार मनात आले. खरे कारण आज सांगतो. माझे पैसे माझ्या खिशात होते, आणि पैसे खिशात असले की दुसऱ्याची काळजी उद्यावर टाकता येते.

पाडव्याला पेढी उघडलीच नाही.

यापुढचे सारे कोर्टात झाले. ज्यांनी कोर्टाची पायरी चढलेली नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. उपयोगी पडू नयेत, पण पडलेच तर असावेत. माणसाचे देणे त्याच्या असण्यापेक्षा जास्त झाले, की धनको किंवा तो स्वतः जिल्हा न्यायालयात अर्ज करतो. पुण्यात असे अर्ज 1920 सालच्या प्रांतिक नादारी कायद्याखाली चालत आले. नादार म्हणजे दिवाळखोर. कोर्टाने त्याला नादार ठरवले, की त्याची घरदार, जमीन, येणी, सगळी मालमत्ता त्याची राहत नाही. कोर्ट एक रिसीव्हर नेमते. त्याने ती ताब्यात घ्यायची, विकायची, वसुली करायची आणि आलेला पैसा कोर्टाच्या नजरेखाली धनकोंत वाटायचा. धनकोने आपला दावा प्रतिज्ञापत्राने सिद्ध करायचा. ज्याचा दावा सिद्ध झाला, त्याचे नाव यादीत चढते. नाव यादीत नसेल, तर बाकावर कितीही वर्षे बसलेला असो, वाटपात तो कुणी नव्हे.

मग वाटप. सरकारची आणि नगरपालिकेसारख्या संस्थांची देणी आधी. नोकरांच्या शेवटच्या चार महिन्यांच्या पगारालाही तिथेच जागा. पण मूळ कायद्यात त्याची मर्यादा एकंदर 20 रुपये! 1920 साली वीस रुपयांत एखाद्याचा संसार चालत असेल. आमच्या पेढीच्या दिवाणजींचा चार महिन्यांचा पगार थकला होता. त्यांनी ते कलम वाचून घेतले आणि टोपी काढून डोके खाजवले.

यानंतर उरलेल्या सगळ्यांना एकच माप. सगळी देणी ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणात फेडायची, कुणालाही झुकते माप नाही, असे त्या कायद्याचे कलम 61 सांगते. भांड्यात रुपयामागे दहा पैसे असतील, तर पाच हजारवाल्याला पाचशे आणि लाखवाल्याला दहा हजार. ओळख, वशिला, विद्वत्ता, पांढरे केस, कशाचाही उपयोग नाही. बुडालेल्या पेढीत कायद्याने सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलेले असते.

निवृत्तीनंतर मी या विषयावर बरेच वाचले. का वाचले ते पुढे येईलच. रांगेचा क्रम काळाप्रमाणे बदलतो, असे माझ्या ध्यानात आले. कंपनी गुंडाळताना कामगार पूर्वी मागे राहत. 1985 सालच्या दुरुस्तीने त्यांच्या थकबाकीला तारण घेणाऱ्या धनकोंच्या बरोबरीने जागा मिळाली. 1992 च्या रोखे घोटाळ्यानंतर मुंबईत विशेष न्यायालय स्थापन झाले आणि हर्षद मेहता व इतरांची जप्त मालमत्ता कस्टोडियनच्या ताब्यात गेली. तिथल्या वाटपाचा क्रम कायद्यानेच घालून दिला: आधी सरकारचे कर, मग बँका आणि वित्तसंस्था, मग न्यायालय ठरवील ते बाकीचे. मेहता 31 डिसेंबर 2001 रोजी वारले. त्यांच्या मालमत्तेचे हिशेब मात्र पुढेही वर्षानुवर्षे चालत राहिले. पुढे 2016 च्या दिवाळखोरी संहितेने कंपन्यांच्या बाबतीत सरकारी देण्यांना रांगेत खाली ढकलले. रांगेत कोण कुठे उभा, हे बदलते. पण एका पायरीवरच्या सगळ्यांना सारखे माप, हे सूत्र सहसा सुटत नाही.

बँकांच्या ठेवीदारांना आता रांगेबाहेर थोडा आधार आहे, आणि तोही पूर्वीच्या बुडालेल्यांच्या पुण्याईने. आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि 1960 साली केरळातल्या पलाई सेंट्रल बँकेला टाळे लागले, तेव्हा कुठे ठेवींना विमा हवा हे सरकारला पटले. 1 जानेवारी 1962 पासून विमा सुरू झाला, दर ठेवीदाराला 1,500 रुपयांपर्यंत. लक्ष्मी नावाची बँक बुडावी, हा दैवाचा विनोद म्हणायचा. 1993 साली ती मर्यादा एक लाखावर गेली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये पाच लाखांवर.

पुणेकरांना रुपी बँकेची आठवण करून द्यायला नको. 1912 साली स्थापन झालेली ही बँक. फेब्रुवारी 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. पुढे वर्षांमागून वर्षे गेली. ठेवीदारांचा आकडा पासबुकात जिवंत होता आणि हातात मात्र येत नव्हता. विम्याचे पैसेसुद्धा बँक रीतसर बंद झाल्यावाचून मिळत नसत. 2021 सालच्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची सोय झाली. त्याप्रमाणे मे 2022 पर्यंत रुपीच्या ठेवीदारांना विमा महामंडळाने 700 कोटींहून जास्त रक्कम दिली होती. ऑगस्ट 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला, तेव्हा 99 टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण ठेव विम्यातून मिळण्याजोगी आहे, असे जाहीर केले. नव्याण्णव टक्के हा मोठा आकडा. पण उरलेल्या एका टक्क्यातल्या माणसाला पाच लाखांवरच्या रकमेसाठी अवसायकाच्या रांगेतच उभे राहावे लागते.

आणि पेढीला तर विमाच नसतो. आमच्या चौसष्ट धनकोंना आधार एकच, भांड्यात काय पडते त्याचा.

आता माझे. त्याच कायद्यात कलम 54 आहे. नादारीचा अर्ज होण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत ऋणकोने एखाद्या धनकोला इतरांपेक्षा झुकते माप द्यावे म्हणून पैसे दिले असतील, तर ते देणे फसवे ठरते आणि रिसीव्हरला ते परत मागता येते. आमच्या पेढीविरुद्ध अर्ज डिसेंबरात झाला होता. वसुबारस ऑक्टोबरातली. रिसीव्हर मोठा चिकट माणूस. त्याने रोकडवही ओळीओळीने वाचली आणि मला नोटीस आली.

वकिलांनी मला मार्ग दाखवला. देणाऱ्याचा हेतू झुकते माप देण्याचा होता, हे सिद्ध व्हावे लागते. धनकोने तगादा लावला आणि त्या तगाद्यापायी पैसे दिले, तर तो हेतू ठरत नाही. “तुम्ही मागितले होते ना?” असे विचारून वकील माझ्याकडे बघत राहिले. 2001 साली मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो, ईश्वरसाक्ष खरे सांगेन म्हटले आणि सांगितले, की मुलीची कॉलेजची फी भरायची होती म्हणून मी पैशांसाठी मालकांच्या मागे लागलो होतो. मालक काही बोलले नाहीत. रिसीव्हरचा अर्ज फेटाळला गेला. अठरा हजार माझे राहिले. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यालो. तो गोड लागला नाही, एवढे आठवते.

वहिनी तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. पगार बेताचा, पदरी दोन मुले. पेढी बुडाल्यावर त्यांनी संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या आणि त्या दहा वर्षे सोडल्या नाहीत. मी दर रविवारी त्यांच्याकडे जात असे. भाजी आणून देत असे, विजेचे बिल भरत असे. आमच्या सौभाग्यवती म्हणत, “दीर असावा तर असा.” मी गप्प राही.

पेढीची मालमत्ता विकायला काळ लागला. एका जमिनीवर मालकांच्या भावाने हक्क सांगितला, एका गाळ्यात कूळ होते. पहिला वाटा 2004 साली मिळाला, रुपयामागे दहा पैसे. दुसरा 2011 साली, चौदा पैसे. मग पुन्हा शांतता. लोक कोर्टाला नावे ठेवतात आणि दिरंगाईपुरते त्यांचे खरेही आहे. यादीतली तेवीस माणसे वाट पाहता पाहता गेली. त्यांच्या नावांपुढे ‘मयत’ आणि खाली वारसांची नावे. पण त्या दिरंगाईत एक गोष्टही होती. कुळाचे ऐकले गेले, भावाचे ऐकले गेले, वारसांचे ऐकले गेले. माझेही ऐकले गेले, आणि मी त्याचा काय उपयोग केला ते वर लिहिलेच आहे.

2025 च्या मे महिन्यात नोटीस आली. अखेरचे वाटप जाहीर करण्यापूर्वी, ज्यांनी दावा कळवला पण सिद्ध केला नाही त्यांना एक शेवटची मुदत द्यावी लागते; ती टळली तर त्यांना सोडून वाटप होते. जुलैत वाटप झाले. वहिनी आता एकोणऐंशीच्या. त्यांना घेऊन मी आयडियल कॉलनीला मेट्रोत बसलो आणि शिवाजीनगरच्या कोर्टापाशी उतरलो. पूर्वी या वाऱ्या पीएमटीने, लोंबकळत केलेल्या. न्यायालयाचे स्टेशन थेट दारात आले, तेव्हा आमचे काम संपत आले होते.

सारा सोहळा अर्ध्या तासाचा. हिशेबाचा तक्ता लावला होता: सिद्ध झालेली देणी 26,00,000 रुपये, आजवर आणि आज मिळून वाटप 8,06,000, रुपयामागे एकतीस पैसे. वहिनींच्या हातात 2,800 रुपयांचा धनादेश पडला. पहिले 4,000, मागचे 5,600 आणि हे, मिळून 12,400. चाळीस हजारांचे, पावणेसत्तावीस वर्षांनी. वहिनींनी सही केली, धनादेश घडी न घालता पिशवीत ठेवला आणि शिपायाला म्हणाल्या, “संपलं ना आता?” तो म्हणाला, “संपलं, आजी.”

परतीच्या गाडीत मी त्यांना सांगितले. वसुबारस, पुडके, चहा, चकल्या, सगळे सांगितले. गाडी नदीवरून चालली होती. वहिनी बाहेर बघत होत्या.

“ठाऊक आहे, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “तुमची साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. माझाही दावा होता ना. तुम्ही मागं वळून पाहिलं नाही.”

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

“आणि पोरीची त्या वर्षीची फी मी जूनमध्येच भरली होती. दिवाळीत तुम्हाला कसली फी भरायची होती?”

हे मी विसरलो होतो. खरोखर विसरलो होतो. स्वतःच्या खोट्याला आधार म्हणून मी त्यांचेच देणे वापरले होते.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“बोलले असते तर तुम्ही यायचं सोडलं असतं. पैसे बुडाले होतेच. त्यांच्यात माणूस आणखी कशाला बुडवायचं?” त्या थोडा वेळ थांबल्या. “पण तुम्ही कधी सांगता, याची वाट पाहत होते. पुष्कळ वेळ लावलात. कोर्टापेक्षा थोडाच कमी.”

मग त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि नोटिशीच्या पाठीवर गणित मांडले. गणिताच्या शिक्षिका त्या. मला वाटले, आता ओरडतील, रडतील. त्यांनी भागाकार केला. “तुमचे अठरा हजार भांड्यात परत पडले असते तर वाटायला आठ लाख चोवीस हजार. पण मग तुम्हीही धनको, म्हणून देणं सव्वीस लाख अठरा हजार. रुपयाला साडेएकतीस पैशांच्या जरा खाली. माझ्या चाळीस हजारांवर एकशे नव्वद रुपयांना चोवीस पैसे कमी. एवढे तुमच्याकडे माझे आहेत. तुम्हाला तुमच्या वाट्याचे पाच हजार सहाशे पासष्ट मिळाले असते. म्हणजे बारा हजार तीनशे पस्तीस दुसऱ्यांचे.”

“वहिनी, तुमचे चाळीस हजार मी...”

“नाही. माझे चाळीस हजार पेढीनं बुडवले, तुम्ही नव्हे. तुम्ही आगाऊ सांगितलं असतंत, तर मीही काढून घेतले असते आणि आज त्रेसष्ट जणांची देणेकरी झाले असते. माझे एकशे नव्वद द्या. बाकीच्यांचेही द्या. त्यात सूट नाही.”

वाचकहो, इतकी वर्षे माझी समजूत होती, की मी वहिनींचा अपराधी आहे. मी गप्प राहिलो, हा अपराध होताच. पण तो माणसामाणसातला, आणि तो त्यांनी केव्हाच पोटात घातला होता. दुसरा अपराध मला कधी दिसलाच नव्हता. पंगतीतून उठून मी आधी जेवलो होतो, आणि ते अन्न चौसष्ट पानांतले होते. प्रत्येकाच्या पानातला एकेक घास. कुणाला कळलाही नाही. कुणाला कळत नाही म्हणूनच तर कलम 54 लिहावे लागते.

घरी येऊन मी वही घातली. यादीतील चौसष्ट नावे, प्रत्येकाची रक्कम आणि त्या रकमेवरचा फरक. त्यावर सहा टक्के सरळ व्याज धरले; नादारीच्या कायद्यात सगळी देणी फिटून शिल्लक उरली तर देण्यांवर हाच दर आहे. एकूण 32,132 रुपये झाले. वहिनींनी व्याज घेतले नाही. एकशे नव्वद रुपये मोजून घेतले आणि चोवीस पैसे परत करायला नाणी नाहीत म्हणून एक चकली दिली.

ऑगस्टपासून मी दर रविवारी हिंडतो आहे. आतापर्यंत एकोणीस जण किंवा त्यांचे वारस सापडले. सुतारदऱ्यातल्या एका गृहस्थांनी पाचशे रुपये नीट मोजले, पावती लिहून दिली आणि चहा पाजला. मयूर कॉलनीतल्या एका बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि काही न बोलता दार लावले. त्यांचे पाकीट मी पोस्टाने पाठवले. ते परत आलेले नाही. पौड रस्त्यावरच्या एका तरुणाने विचारले, “काका, हे आमच्या आजीला त्या वेळी दिलं असतंत तर?” तिची रक्कम तेव्हा दीडशे रुपयांची होती. तेव्हा दीडशेत महिन्याचे औषध येत असे, असे तो म्हणाला. याला उत्तर नाही. मी दिले नाही.

जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी, कारण दिवाळीत निदान घरातल्या कागदांची तरी झाडलोट व्हावी. ठेवीची पावती मुलांना दाखवून ठेवा. कुठे पेढी किंवा संस्था बुडाली, तर दाव्याची मुदत चुकवू नका. सहानुभूती यादीत चढत नाही, प्रतिज्ञापत्र चढते. धनको वारला तर वारसांनी कोर्टाला कळवावे, कारण रिसीव्हर वारस शोधत घरोघर फिरत नाही. ठेव विम्याखाली आहे की नाही, हे व्याजाचा दर विचारण्याआधी विचारा. आणि कुणी आत बोलावून, तुमचे तेवढे घेऊन जा म्हणाला, तर एवढे लक्षात ठेवा, की ते ‘तेवढे’ फक्त तुमचे नसते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वही पाटावर ठेवीन. चव्वेचाळीस नावे अजून बाकी आहेत. वहिनी येणार आहेत. त्या वही उघडून बघतील आणि किती राहिले ते विचारतील, हे मला ठाऊक आहे. कोर्टाच्या हिशेबाला ‘अखेरचे वाटप’ असा शिक्का बसला. माझ्या वहीला अजून बसलेला नाही.